दोन लाखांच्या कोटेशनवर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. ६४० सभासद, खत-बियाण्यांचं दुकान, हंगामात सोयाबीन आणि तुरीची खरेदी. गेल्या वर्षी सगळा खर्च जाऊन हातात उरले ३ लाख १० हजार. आता एका सॉफ्टवेअरवाल्याने 'डेटा संरक्षण कायद्याची पूर्तता' (लोकांची वैयक्तिक माहिती कशी घ्यायची आणि सांभाळायची, याचा २०२३चा कायदा) या नावाखाली १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलंय, वर दरवर्षी ६० हजार देखभालीचे. कंपनीचे सीईओ विचारतात: हे द्यायलाच लागतं का, आणि या कायद्याने आमच्यासारख्या लहान कंपनीच्या धंद्याचं नेमकं काय होणार?

भाऊ, मी वकील नाही. बावीस वर्षं याच भागात जिनिंग, कृषी केंद्रं, पतसंस्था आणि अलीकडे तुमच्यासारख्या कंपन्या यांचे हिशेब आणि कर बघतो. त्यामुळे उत्तरही हिशेबाच्या बाजूने देतो. तुम्ही प्रश्नासोबत जी फाइल जोडली आहे, तिच्याबद्दल शेवटी.

आधी कोटेशन. १ लाख ८५ हजारांवर १८ टक्के जीएसटी ३३,३००, म्हणजे एकूण २ लाख १८ हजार ३००. बियाणं करमुक्त, सुटी तूरही करमुक्त, त्यामुळे या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला पूर्ण मिळणार नाही, करपात्र विक्रीच्या प्रमाणातच मिळेल. ते बाजूला ठेवलं तर सभासदामागे ३४१ रुपये पडतात आणि गेल्या वर्षीच्या शिलकीतला सत्तर टक्के भाग पहिल्याच फटक्यात जातो. समजा, पन्नास लाख ग्राहकांच्या एखाद्या कंपनीने हेच काम दोन कोटी मोजून करून घेतलं. तिला ग्राहकामागे चार रुपये पडले.

या कायद्याचा लहान धंद्यावर होणारा सगळ्यात मोठा परिणाम या दोन आकड्यांत आहे. कोणती माहिती कशासाठी घेतो हे सांगणाऱ्या सूचनेचा मसुदा करणं, फॉर्म बदलणं, बॅकअप लावणं, तक्रारीला उत्तर देणारा माणूस ठरवणं, हा खर्च सभासद सहाशे असोत की सहा लाख, त्या प्रमाणात वाढत नाही. पंगत दहाची असो की शंभराची, चूल पेटवावीच लागते. कॅलिफोर्नियाने स्वतःचा असा कायदा आणला तेव्हा २०१९ साली तिथल्या सरकारसाठी केलेल्या अंदाजात वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला सुरुवातीचा खर्च ५० हजार डॉलर आणि पाचशेपेक्षा जास्त माणसांच्या कंपनीला सरासरी २० लाख डॉलर धरला होता. ऐकायला मोठ्यांवरच बोजा वाटतो. पण दहा माणसांच्या दुकानाला तो माणशी ५ हजार डॉलर पडतो, दहा हजार माणसांच्या कंपनीला माणशी २००. तिथे निदान एक उंबरठा तरी होता: वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या खालची उलाढाल असेल आणि माहिती विकण्याचा किंवा पन्नास हजार लोकांची माहिती बाळगण्याचा धंदा नसेल, तर कायदा लागूच नव्हता. आपल्या २०२३च्या कायद्यात उलाढालीवर तसा उंबरठा नाही. उद्यम नोंदणीत तुम्ही 'सूक्ष्म' असलात तरी इथे तुम्ही आणि एखादी मोठी बँक एकाच रांगेत. कलम १७(३) मध्ये केंद्र सरकारला काही वर्गांना, त्यात स्टार्टअपनाही, सूट देता येते. ती मिळाली तरी सूचना देणं, माहिती पुसणं, माहिती दाखवणं अशा काही गोष्टींपुरती असते. माहिती सुरक्षित ठेवण्याची आणि फुटली तर कळवण्याची जबाबदारी त्या यादीत नाही. म्हणजे सूट मिळो न मिळो, कुलूप लावायचंच आहे.

आता भीती. त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर २५० कोटी दंड हा आकडा असणार, पैज लावतो. आकडा खरा आहे, सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दलचा आहे. पण कायद्यात त्याच्याआधी 'पर्यंत' हा शब्द आहे आणि विकणारा नेमका तोच गाळतो. दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य, किती दिवस चालली, पुन्हा पुन्हा झाली का, सावरायला तुम्ही काय केलं आणि दंडाचा त्या माणसावर काय परिणाम होईल, हे सगळं बघायला दंड ठरवणारं डेटा संरक्षण मंडळ बांधील आहे. शिवाय सभासदाने आधी तुमच्याकडेच तक्रार करायची आहे, तिथे काही झालं नाही तरच मंडळाकडे. जीएसटीसारखं महिन्याला रिटर्न नाही, दुकानात लावायचा परवाना नाही, साध्या कंपनीला नोंदणीही नाही. घाई तर अजिबात नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तुमच्या कामाची बहुतेक कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ती इथेच सांगून टाकतो. दंडाचा सगळा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जातो. ज्या शेतकऱ्याची माहिती फुटली त्याच्या हातात दमडी येत नाही. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-क सुद्धा त्याच वेळी रद्द होणार आहे.

कायदा गावात इन्स्पेक्टरच्या जीपमधून येणार नाही, तो करारातून येणार आहे. तुमचा माल घेणारा प्रक्रिया कारखाना, कर्ज देणारी बँक, खत कंपनी, यांच्याकडे वकील आहेत. हे लोक पुढच्या हंगामाआधी तुमच्यासमोर इंग्रजीतला चौदा पानी करारनामा ठेवतील आणि त्यात कुठेतरी अकराव्या पानावर असेल, की माहितीबाबत काहीही झालं तर सगळं नुकसान उत्पादक कंपनी भरून देईल, मर्यादा नाही. गेल्या उन्हाळ्यात हिंगणघाटकडच्या एका अशिलाने असा कागद सही करूनच माझ्याकडे आणला. सौदा अठरा लाखांचा होता आणि जबाबदारी अमर्याद. आम्ही परत जाऊन ती सौद्याच्या रकमेपुरती करून घेतली. समोरच्या माणसाने अर्ध्या तासात मान्य केलं. बहुतेक लहान लोक मागतच नाहीत, म्हणून मिळत नाही. कायद्याचा खरा खर्च अशा ओळींत लपलेला असतो आणि तो कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही.

दुसरा लपलेला खर्च याहून महाग आहे. युरोपात मे २०१८ पासून असाच कायदा लागू आहे. तिथे अर्थतज्ज्ञांनी मोजून पाहिलं, तर त्यानंतर गूगलच्या प्ले स्टोअरवरची सुमारे एक तृतीयांश अ‍ॅप गायब झाली आणि नवी येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. दुसऱ्या एका पाहणीत संकेतस्थळांनी बाहेरून घेतलेल्या तांत्रिक सेवा सुरुवातीला १५ टक्क्यांनी कमी केल्या. कमी केल्या त्या लहान कंपन्यांच्या. राहिलेल्यात मोठ्यांचा वाटा वाढला, गूगलचा तर वाढलाच. कारण साधं आहे. जबाबदारी अंगावर आली की माणूस ओळखीच्या मोठ्या नावाकडे जातो.

आपल्याकडे हे कसं दिसेल ते सांगतो, कारण त्याची सुरुवात झालेली आहे. एखादी मोठी कंपनी येईल, गोड बोलेल: "सभासदांची नोंद आमच्या अ‍ॅपवर करा, फुकट आहे, कायद्याचं आम्ही बघतो." दोन लाखांच्या कोटेशनसमोर फुकट शब्द फार छान ऐकू येतो. पण कलम ८(१) सांगतं, की काम कोणाकडूनही करून घ्या, करारात काहीही लिहा, सभासदापुढे जबाबदार तुम्हीच. म्हणजे जोखीम तुमच्या घरात राहते आणि यादी त्यांच्या घरात जाते. कोणत्या गावात किती एकर सोयाबीन, कोणी कोणतं बियाणं नेलं, कोणाची उधारी आहे, हे सगळं तुमच्याकडून माल घेणाऱ्याला किंवा तुम्हाला माल विकणाऱ्याला आयतं कळतं. मग भाव कोण ठरवणार?

हे मी हवेत बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातल्या एका उत्पादक कंपनीचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी हंगामाआधी सभासदांची यादी केली: नाव, मोबाइल, पेरा, अंदाजे किती पोती निघतील, आणि एक रकाना होता 'पैशाची गरज कधी'. हेतू चांगला होता, ज्याला दिवाळीआधी पैसे लागतात त्याचा माल आधी उचलायचा. यादी एक्सेलमध्ये होती आणि डाटा एंट्री करणाऱ्या पोराच्या मोबाइलवरही होती, कारण ऑफिसचा प्रिंटर बंद होता आणि तो झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढायचा. तिथल्या कॉम्प्युटरवर ती फाइल राहिली की पोरानेच कोणाला दिली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका व्यापाऱ्याच्या माणसांनी त्या रकान्यात 'धनतेरसच्या आधी' लिहिलेल्या सगळ्यांना फोन केले. रोख पैसे, शेतातून उचल, भाव बाजारापेक्षा दोनशेनं कमी. कंपनीने पुढे नऊशे क्विंटलचा सौदा करून ठेवला होता. गोळा झाले साडेतीनशे. उरलेला माल बाजारातून चढ्या भावाने घेऊन भरला आणि दोन वर्षांची शिल्लक त्यात गेली. मी एका सभासदाला विचारलं, का दिलं हो त्याला? म्हणाले, "मले वाटलं तुमच्याच आपिसातून फोन आला. माह्यं सारं त्याले मालूम होतं."

त्या वेळी कोणी कोणाला काही कळवलं नाही. हेच उद्या झालं, तर प्रत्येक सभासदाला विनाविलंब सांगावं लागेल, मंडळाला लगेच कळवून ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावी लागेल. कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसल्याचा प्रकार असेल तर २०२२ पासून सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला, सहा तासांत कळवायचं आहेच, ते कोणाला माहीत नसतं एवढंच. पण बघा, त्या कंपनीचं नुकसान दंडाने झालंच नव्हतं. यादी गेली म्हणून झालं. लहान कंपनीकडे जमीन नाही, गोदाम भाड्याचं, ब्रँड नाही. भांडवल म्हणावं असं एकच असतं: कोण आपल्याला माल देतं त्याची यादी आणि त्या लोकांचा भरवसा. त्या यादीच्या राखणीवर जो पैसा जातो तो कायदा नसता तरी घालावा असा आहे. कायद्याच्या नावाने दाखवायच्या फायली तयार करण्यावर जाणारा पैसा वाया गेलेला समजा. तुमच्या कोटेशनमध्ये मला दुसऱ्याच प्रकारच्या ओळी जास्त दिसतात: 'धोरण दस्तऐवज १२ नग', 'जागृती प्रमाणपत्र', 'संमती डॅशबोर्ड'. ६४० सभासदांना डॅशबोर्ड! आमसभेला येणारे दीडशे.

मग काय करायचं? तुमच्या ऑफिसात आलो नाही, पण असली ऑफिसं इतकी पाहिलीत की डोळ्यासमोर उभं राहतं. लोखंडी कपाट, त्यात भागधारकांचे अर्ज, प्रत्येकाला आधार, पॅन, पासबुक, सातबारा आणि आठ-अ टाचलेलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला पासवर्ड. डेस्कटॉपवर 'आधार नवीन फायनल २' नावाचं फोल्डर. आणि खरा साठा मोबाइलच्या गॅलरीत, तिथे कोणाच्या सातबाऱ्याशेजारी कोणाच्या हळदीचे फोटो.

कापूस घरात भरून ठेवणारे आपण लोक. भाव वाढेल म्हणून ठेवायचा, भाव वाढत नाही आणि एप्रिलपर्यंत घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. आधारच्या झेरॉक्सचं अगदी तसंच आहे. कामाला कधी येत नाहीत, टाकवत नाहीत आणि आता त्यांची खाज सुरू होणार. म्हणून पहिलं काम फुकटाचं आहे: काय ठेवायचं ते ठरवा, बाकी काढा. कंपनी कायद्याप्रमाणे सभासदांची नोंदवही कायमची ठेवावी लागते, ती ठेवा. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. हे दुसऱ्या कायद्याने सांगितलेलं आहे, त्यामुळे ते ठेवायला कोणाची संमती लागत नाही. पण एकदा ओळख पटल्यावर आधारची पूर्ण प्रत कशाला हवी? शेवटचे चार आकडे दिसणारं, पहिले आठ झाकलेलं मास्क केलेलं आधार चालतं. मोबाइलवरचे सातबारे तर आज संध्याकाळीच पुसा. सातबारा ऑनलाइन आहे, लागेल तेव्हा ताजा काढता येतो आणि जुना तसाही चालत नाही.

कपाटातल्या कागदांना हा कायदा लागत नाही बरं का, जोवर तुम्ही ते स्कॅन करत नाही किंवा त्यातली माहिती कॉम्प्युटरवर चढवत नाही तोवर. दिग्रसच्या एका कृषी केंद्रवाल्याने मला विचारलं, "मंग लाल वहीच बरी होती नं?" उधारीपुरतं त्याचं चुकलेलं नाही. वही गल्ल्याखाली राहते आणि ती कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही.

जुन्या सभासदांच्या पुन्हा सह्या घेत गावोगाव फिरायची गरज नाही. कायदा लागू होण्याआधी संमती दिलेल्यांना शक्य तितक्या लवकर सूचना द्यायची आहे, आणि ते संमती मागे घेत नाहीत तोवर काम चालू ठेवता येतं. ही सूचना वेगळ्या कागदावर हवी, शेअरच्या अर्जामागे बारीक अक्षरात छापून चालणार नाही. कोणती माहिती घेतो, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, आमच्याकडे तक्रार कोणाकडे करायची, मंडळाकडे कशी करायची. इंग्रजीसोबत आठव्या अनुसूचीतल्या भाषेचा पर्याय द्यावा लागतो, मराठी त्यात आहेच. एक पान पुरतं. सप्टेंबरच्या आमसभेच्या नोटिशीबरोबर पाठवा, टपालखर्चही वेगळा लागणार नाही. दुकानात खत घेताना बिलासाठी जो आपणहून नंबर देतो, त्याची बिल पाठवण्यापुरती वेगळी संमती लागत नाही. त्याच नंबरवर उद्या तुम्ही टॉनिकची जाहिरात पाठवाल तर विषय बदलला.

पैसा लागतो तो कुलपाला. विंडोजची अस्सल प्रत, तीही प्रो, म्हणजे डिस्क लॉक करता येते आणि चोरीला गेलेला कॉम्प्युटर चोराच्या कामाचा राहत नाही. दोन बाहेरच्या हार्डडिस्क, एक ऑफिसात, एक अध्यक्षांच्या घरी. प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, म्हणजे कोणी काय उघडलं ते दिसतं. अशा नोंदी वर्षभर ठेवायच्या आहेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलाची नोंद ठेवणं कंपन्यांना एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहेच, म्हणजे तुमचं हिशेबापुरतं झालेलं असायला हवं. नसेल तर तो वेगळा आणि आजच अंगावर येणारा प्रश्न आहे. एक साधा प्रिंटर घ्या. हसू नका, वाशीमच्या त्या कंपनीला साडेपाचशे क्विंटलला पडलेली वस्तू आहे ती. सगळं मिळून माझ्या हिशेबाने ३५ हजारांच्या आत बसतं, पुढे वर्षाला सहा-सात हजार.

बँकेला, विमा कंपनीला किंवा त्या अ‍ॅपवाल्याला यादी द्यायची वेळ आली तर लेखी कराराशिवाय देऊ नका. आणि देताना रकाने मोजा. बँकेला पेरा लागत असेल, 'पैशाची गरज कधी' कशाला लागतं? सही असली तरी संमती कामाला गरजेच्या माहितीपुरतीच धरली जाते.

२०१८च्या एसएमएस नियमांनंतर काय झालं ते मला आठवतं. डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीच्या यंत्रणेवर नोंदणी, टेम्प्लेटची मंजुरी, त्याला कंटाळून आमच्याकडच्या कृषी केंद्रांनी एसएमएसच सोडले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. ती सोय झाली, पण दहा वर्षांत जमवलेले ग्राहकांचे नंबर आज दुकानदाराच्या वहीत नाहीत, एका ग्रुपमध्ये आहेत, आणि ग्रुप ज्या भाच्याने काढला तो पुण्याला नोकरीला गेलाय. तुमच्या यादीचं असं होऊ देऊ नका, एवढ्यासाठी कोटेशन नाकारतानाही फुकटच्या अ‍ॅपला हो म्हणू नका.

सॉफ्टवेअरवाल्याला फक्त हे विचारा: १ लाख ८५ हजारांत कुलपाचं काम किती रुपयांचं आणि कागदाचं किती, हे वेगवेगळं लिहून दे. आणि आमच्या सभासदांची माहिती तुझ्या कोणत्या सर्व्हरवर राहील, काम सोडलं तर परत कशी देशील, तेही लिही. लिहून आलं तर कुलपापुरतं घ्यायला हरकत नाही.

राहिली ती फाइल. 'अंदाज यावा म्हणून' तुम्ही सभासदांची पूर्ण यादी जोडली आहे. पहिल्या पाच ओळी दिसल्या, त्यात आधार क्रमांक पूर्ण आहेत आणि बँकेचे खाते क्रमांकही. मी ती उतरवून घेतली नाही आणि तुमचा मेल माझ्याकडून पुसला आहे. तुमच्याकडच्या 'पाठवलेले' मधून तुम्ही पुसा. आणि तीच फाइल कोटेशनसाठी त्या सॉफ्टवेअरवाल्यालाही गेली असणार. त्याला आजच फोन करा.